एकमताने

पंक्चर मागच्या चाकाला होतं आणि सायकल ढकलत आणणारा माणूस पोटाशी काहीतरी घट्ट धरून होता. पाऊस काही फार नव्हता, नुसती भुरभुर चालली होती. पण हा गृहस्थ स्वतः चिंब भिजला होता आणि शर्टाच्या आतलं कागदांचं पुडकं मात्र त्याने जिवापाड जपून कोरडं आणलं होतं. छपराखाली शिरल्यावर त्याने आधी पुडकं चाचपलं, मग चष्मा पुसला, आणि मग कुठे त्याला समोर पाना घेऊन उभी असलेली मालकीण दिसली.

दिसली आणि तो होता तिथेच खिळला.

"पंक्चर का?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे, सायकलचं."

"माणसांची मी काढत नाही." तिने सायकल उलटी करून चाक फिरवलं. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. शाळा मंडळात लिहायला बसता ते तुम्हीच ना? कानामात्रा?"

ऑफिसात त्याला सगळे कानामात्रा म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणणारी ही पहिलीच. शाळा मंडळाच्या सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्याचं काम, आणि त्याच्या हातून एक ऱ्हस्व-दीर्घ इकडचा तिकडे झाल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही..." तो म्हणाला.

"पंक्चरताई. सगळं शहर म्हणतं, तुम्हीही म्हणा. लाजताय कशाला?"

बाबांच्या सायकल दुकानात ती दहाव्या वर्षापासून चाकं सरळ करत होती. मंडळावर तिची निवड झाली तीन महिन्यांपूर्वी, आणि तीही रागाच्या भरात. तिची भाची जायची त्या उतारावरच्या शाळेचं फाटक बिजागरीतून निखळलं होतं. पालकांचे आठ अर्ज झाले, फाटक तसंच. शेवटी ही पान्यांची पिशवी घेऊन गेली आणि तासाभरात फाटक बसवून आली. वर म्हणाली, "फाटक बसवता येतं, तर मंडळावर बसताही येईल." लोक हसले, पण मतं त्यांनी तिलाच दिली.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो," कानामात्रा म्हणाला. "मागच्या सभेचं इतिवृत्त. नऊ सदस्यांना हातोहात द्यायचं असतं."

तिने हात पुसले, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि एका डोळ्याने बुडबुडे शोधत दुसऱ्या डोळ्याने कागद वाचायला घेतला. उतारावरची शाळा बंद करावी, मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं, शाळेची जागा वाहनतळासाठी नगर परिषदेला परत द्यावी... आणि खाली एका ओळीत: सदर ठराव एकमताने मंजूर.

बुडबुडे सापडले होते. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"एकमताने?"

"काय झालं?"

"नऊ माणसं होतो आम्ही. आठ हात बाजूनं वर गेले. विरोधात कोण, असं विचारल्यावर नववा हात वर गेला. तो माझा होता. चांगला खांद्यापासून वर केला होता, काही लाजत नव्हते मी. तो कुठं गेला?"

त्याने घाईघाईने खिशातली वही काढली. 'बाजूने' खाली आठ रेघा होत्या. 'विरोधात' खाली काहीच नव्हतं. कोरं. तो त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला आणि मग त्याची नजर हळूच तिच्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत ग्रीसचा एक काळा पट्टा होता. त्याचे कान लाल झाले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला.

"झाली कशी?"

"ते... सांगता येत नाही."

"कानामात्रा म्हणवता आणि आख्खा माणूस गाळता?" तिने ठिगळ लावलं, टायर बसवला, आणि पंप मात्र उचलून आत ठेवून दिला. "पंक्चर काढलंय. हवा नाही भरणार. आधी माझा हात मोजून आणा."

एखादा भांडला असता. हा नाही. त्याने मान डोलवली आणि बसलेल्या चाकाची सायकल ढकलत तो पुन्हा पावसात निघाला. ती बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होती. राग आला होता म्हणून, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आली तर सायकल आणि तो, दोघेही दारात. हातात दुरुस्तीची टिपणी, खाली सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे. तिने ती ओळ न् ओळ वाचली आणि पंप बाहेर काढला.

पण टिपणी लिहिली म्हणजे दुरुस्ती झाली असं नसतं. ती सभेत मान्य व्हावी लागते, आणि सभेच्या डोक्यावर होते अध्यक्ष. बोलायला साखर, वागायला पक्के. हवी ती गोष्ट त्यांनी कधी आवाज चढवून मागितली नाही, कारण तशी वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

"बेटा, तू नवीन आहेस," ते सभेत म्हणाले. "इतिवृत्तात एवढं तेवढं चालायचंच."

"मी बेटा नाही, सदस्य आहे. आणि एवढं तेवढं नाही, माझं मत आहे."

"मग असं करू. मतालाच टाकू. इतिवृत्त बरोबर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

आठ हात वर गेले.

संध्याकाळी कानामात्रा दुकानात आला तेव्हा ती एका चाकाचे आरे असे काही आवळत होती, की बाबांनी ते चाक गुपचूप तिच्या हातातून काढून घेतलं.

"आजचं मी शब्दन् शब्द लिहिलंय," कानामात्रा म्हणाला आणि त्याने वही पुढे केली. तिने वाचलं. 'सदर सदस्य मागील ठरावावर एकमतात सहभागी होत्या, असे त्यांच्याच विरोधास न जुमानता बहुमताने ठरले.'

तिने दोनदा वाचलं आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तो आधी घाबरला, मग तोही हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडते हे तिला दिसलं, आणि हसण्याच्या भरात ते तिने पक्कं लक्षात ठेवलं.

"आता पुढं काय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"जागा नगर परिषदेची आहे. त्यांनी हा ठराव मान्य केला की शाळा गेली. पण तिथं निवडणूक आहे चार महिन्यांनी. नवे नगरसेवक आल्यावरच विषय निघेल."

"आपल्या प्रभागातून कोण उभं राहतंय?"

"अध्यक्ष."

तिने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मी नगर परिषदेला उभी राहतेय."

बाबा चाकाच्या मागून म्हणाले, "राहा. आधी हे टोक धर."

त्यानंतर कानामात्राच्या सायकलला नाना तऱ्हेचे आजार जडले. मंगळवारी चेन उतरायची, गुरुवारी घंटी बसायची, शनिवारी हवा जायची. एकदा बाबांनीच ते चाक तपासलं आणि ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पंक्चर नाही. वॉल्व्ह कुणीतरी हातानं सैल केल्यासारखा वाटतोय."

"रस्ते फार खराब आहेत," कानामात्रा म्हणाला.

"हो ना. वॉल्व्ह पिळणारे रस्ते," ती म्हणाली आणि मान खाली घालून हसू गिळत पंप मारत राहिली.

सरकारी माणूस, प्रचार करायला त्याला बंदी. पोस्टर त्याने लावलं नाही, घोषणा दिली नाही. पण एकदा ती फळीवर रंगाने स्वतःचा फलक लिहीत होती, 'पंक्चरताईला निवडुन द्या', तर मागे कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला.

"काय झालं? दुखतंय कुठं?"

"निवडून... डू दीर्घ असतो."

"हा प्रचार झाला बरं का. नोकरी जाईल."

"हे शुद्धलेखन आहे. याला बंदी नाही."

तिने ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने जीभ दातांत धरून ऱ्हस्व उकार पुसला आणि दीर्घ काढला, इतका निगुतीने की बाकीची अक्षरं त्याच्यापुढे अजागळ दिसायला लागली. ब्रश परत देताना बोटांना बोटं लागली... आणि कुणीच घाईने मागे घेतली नाहीत.

"चार महिने अहो-जाहो चाललंय," ती म्हणाली. "एकदा 'तू' म्हणालात तर काय ऱ्हस्व होणार आहे तुमचं?"

"तू पण दीर्घच असतं," तो हळू म्हणाला. "म्हणायला वेळ लागतो."

शहरातल्या कुठल्याही माणसाला तोंडावर उत्तर देणारी ती, फळीकडे बघत उभी राहिली. छातीत जे चाललं होतं त्याला काय म्हणतात हे तिला नीट ठाऊक होतं, आणि ते मान्य करायला ती मुळीच भीत नव्हती. फक्त मतदान होईपर्यंत ते बाजूला ठेवायचं तिने ठरवलं होतं. ठरवलेलं सगळं होतंच असं नाही.

मतदानाला सहा दिवस उरले असताना पत्रकं निघाली. घरोघर, दारादारात. इतिवृत्ताची प्रत, 'एकमताने' या शब्दाखाली लाल रेघ, आणि वर मोठ्या अक्षरांत: शाळा बंद करायला हात वर करणारी आता शाळा वाचवायला निघाली आहे. तळाशी 'खरी प्रत' असा शिक्का आणि कानामात्राची सही.

सकाळपासून दुकानात एकही सायकल आली नाही. जिचं फाटक तिने बसवलं होतं, त्या शाळेतल्या मुलांच्या आया समोरच्या फुटपाथने जायला लागल्या. एकजण थांबली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते बोलणं तिला दिवसभर सलत राहिलं.

दुपारी तो आला. सायकल नव्हती. पळत आला होता.

"सही तुझी आहे," ती म्हणाली. 'तू' तिच्याकडून आधी गेला, आणि असा गेला.

"हो. अध्यक्षांनी कार्यालयातून प्रत मागवली. मला द्यावीच लागली."

"ठाऊक आहे."

"परवा शाळेच्या पटांगणात तुमची आणि अध्यक्षांची एकत्र सभा आहे. मी येतो. उठून सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"आणि नोकरी?"

"बघू."

"बघू नाही. तू येणार नाहीस." तिचा आवाज चढला. "माझ्यापायी नोकरी घालवलीस तर तो उपकार मी जन्मभर वागवायचा? मला उपकाराची मतं नकोत. पडले तर माझ्या पायांनी पडेन."

"तुझ्यासाठी नाही येत," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला, आणि दोघांनाही ते ऐकू आलं. "चूक माझी आहे. ती माझ्या सहीनं फिरतेय."

"येऊ नकोस."

तो निघून गेला. तिने दिवसभरात आलेली एकुलती एक सायकल, स्वतःचीच, उगाच खोलून पुन्हा जोडली.

पटांगण भरलं होतं. अध्यक्ष आधी बोलले. गोड बोलले. पंक्चरताई गुणी मुलगी आहे, पण राजकारण म्हणजे ट्यूबला ठिगळ लावणं नव्हे, असं काहीसं. मग त्यांनी कागद वर धरला. "मी काही म्हणत नाही. दप्तर बोलतंय. एकमताने."

ती उठली तेव्हा मागून कुणीतरी "खोटारडी" म्हणालं. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात शेवटच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात ती वही.

"त्या कागदावर माझी सही आहे," कानामात्रा म्हणाला. आवाज कापत होता, पण शब्द एकही तुटत नव्हता. "मी कुणाला मत द्या सांगायला आलो नाही, मला तो अधिकार नाही. मी इतिवृत्त दुरुस्त करायला आलोय. ठराव एकमताने झाला नव्हता. एक हात विरोधात होता. तो मी मोजला नाही."

"का नाही मोजला?" अध्यक्षांनी हसत विचारलं. "बारा वर्षांत तुझी एक चूक नाही. त्याच दिवशी नेमकी कशी झाली?"

कानामात्राने वही मिटली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुतेक बोलताच आलं नसतं.

"त्या कामावरून तशाच आल्या होत्या. हातावर ग्रीसचा पट्टा होता. आठ माणसांसमोर त्यांनी तो हात एकट्यानं वर केला आणि... मी बघत राहिलो. इतका बघत राहिलो की मोजायचं राहून गेलं."

बायकांच्या बाजूने एक हसू फुटलं आणि बघता बघता सगळीकडे गेलं. ती व्यासपीठावर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन चढलं होतं. चार महिने ती विचारत होती, चूक झाली कशी. आणि याने उत्तर दिलं ते आख्ख्या प्रभागासमोर.

अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "ऐकलंत ना मंडळी? हा हिच्या प्रेमात आहे. अशा माणसाच्या साक्षीला काय किंमत द्यायची?"

"तो प्रेमात आहे," ती म्हणाली. तिला माइक लागला नाही. "मीही आहे. हे मी त्यालाही अजून सांगितलेलं नाही, तुम्ही सगळ्यांनी आधी ऐकलंत. चोरी नाही केली, लपवणार नाही. पण अध्यक्षसाहेब, एक हिशेब मला समजावून सांगा. प्रेमात पडून त्यानं चूक केली, ती माझ्या बाजूनं केली का? माझा हात गाळला त्यानं. फायदा कुणाचा झाला? तुमचा. त्याची चूक होती हे तो नोकरी पणाला लावून सांगतोय. तुम्ही तर माझ्यासमोर बसला होतात. तुम्हाला काही ग्रीसची भुरळ पडली नव्हती. तुम्ही तो हात पाहिलात आणि पुढच्या सभेत आठ हात वर करून तो पुसलात."

तिने बाही वर सारली. पट्टा आजही होता. सकाळी बाबा म्हणाले होते, सभा आहे, साबणानं घासून जा. ती म्हणाली होती, राहू दे.

"हा बघा," तिने हात वर केला. "ज्यांना मोजायचाय त्यांनी मोजा."

ती एकशे अठरा मतांनी निवडून आली. कानामात्राला नोटीस मिळाली आणि त्याची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली, जिथे सभा नाही, माणसं नाहीत, फक्त कपाटं. "तिथल्या फायलींवर सगळे उकार चुकलेत," तो तिला म्हणाला. "दहा वर्षांचं काम आहे." तो वाईट वाटून घेत नव्हता असं नाही. पण हसताना खळी पडत होती.

उतारावरच्या शाळेचा विषय परिषदेच्या दुसऱ्याच सभेत निघाला. पंचवीस नगरसेवक, लांब टेबल, वर पंखे. नवी आलेली, तरी ती अर्धा तास बोलली. दोनदा तिला खाली बसायला सांगितलं, दोन्ही वेळा ती उभी राहिली. मोठा रस्ता ओलांडणारी एकशे बारा पोरं वाहनतळात मावणार नाहीत, असं तिने सुनावलं. प्रेक्षकांच्या सज्जात रजा टाकून आलेला एकजण कठड्याला टेकून बसला होता.

शाळा चालू ठेवावी, बाजूने कोण? हात वर गेले. तिचाही. टेबलापाशी बसलेला नवा लेखनिक पेन्सिल नाचवत मोजत होता. तिने सज्जाकडे पाहिलं. कानामात्राही बोटाने मोजत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

विरोधात बारा हात गेले. लेखनिकाने कागद पुढे सरकवला. "तेरा विरुद्ध बारा. शाळा चालू राहील. ठराव बहुमताने मंजूर."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. डोळे पुसून झाले होते, चष्मा अजून हातातच होता.

"तुझं तोंड का पडलं होतं मघाशी?" तिने विचारलं.

"मला वाटलं, गेलं. माझे बाराच भरले."

"तेरा होते."

"हो... एक राहिला असेल."

"कुणाचा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. कान लाल. तिने दोन पावलं पुढे टाकली. आजूबाजूने नगरसेवक चालले होते, शिपाई चालले होते, दोघंतिघं थांबून बघतही होते. बघू देत, तिला वाटलं.

"कानामात्रा, माझी हरकत आहे," ती म्हणाली. "एका माणसानं माझाच हात किती वेळा गाळायचा? आता आयुष्यभर समोर असणार आहे तो. सवय कर." आणि तिने ग्रीसचा पट्टा असलेला हात त्याच्यापुढे धरला. "मोज."

त्याने चष्मा घातला. दोन्ही हातांनी तिचा हात धरला, नीट पाहिला, आणि या वेळी विसरला नाही.

"एक," तो म्हणाला.